जुन्या जगाचा जीर्णोद्धार

प्रौढ वयांत माणसानें एखादें नवें व्यसन लावून घेतलें, तर तें लपविण्याकडे त्याचा कल असतो. आणि तें व्यसन पोरवयाला शोभणारें असेल, तर लपविण्याची ही धडपड अधिकच केविलवाणी होते. आम्ही गेलीं तीस वर्षें एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. त्यांतलीं निदान पंधरा वर्षें आम्हीं 'हल्लींचीं मुलें संगणकापुढें बसून वांया चाललीं आहेत' या विषयावर सभासंमेलनांतून, पालकांच्या मेळाव्यांतून आणि, संधि सांपडेल तेव्हां, मासिकांतूनहि सडकून टीका केलेली आहे. अशा गृहस्थानें आठवड्यांतून दोन रात्री, जेवणें आटोपून घरांत निजानीज झाल्यावर, लॅपटॉप उघडावा, आणि अस्तित्वांत नसलेल्या एका तळ्याच्या कांठीं, बुटक्या दाढीवाल्याचें रूप घेऊन, गळ टाकून बसावें, याला वाचक काय म्हणतील तें आम्हांस ठाऊक आहे. त्यांतून आमच्या घराण्यांत सात पिढ्यांत कोणीं माशाला बोट लावलेलें नाहीं. असो. कबुलीच द्यावयाची, तर ती सविस्तर दिलेली बरी.

ज्या खेळांत हें तळें आहे त्याचें नांव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. कॅलिफोर्नियांतील ब्लिझर्ड नांवाच्या कंपनीनें तो २३ नोव्हेंबर २००४ रोजीं लोकांपुढें आणला. पत्त्यांच्या किंवा बुद्धिबळाच्या डावाप्रमाणें हा डाव मांडून मोडावयाचा नसतो. अझेरॉथ नांवाची एक आख्खी पृथ्वीच तेथें रचून ठेविलेली आहे. तिच्यांत डोंगर आहेत, बंदरें आहेत, राजधान्या, बाजार आणि सराया आहेत. महिन्याची वर्गणी भरावी, मनुष्य, बुटका किंवा लांब कानांचा वनवासी अशा एखाद्या कुळींत जन्म घ्यावा, आणि लढावें, व्यापार करावा, नाहीं तर नुसतें भटकावें. एकाच वेळीं हजारों माणसें निरनिराळ्या देशांतून त्या भूमीवर वावरत असतात. आपण संगणक बंद करून निजलों तरी तें जग निजत नाहीं. त्यांत शेवटचें जिंकणें असें कांहीं नाहीं. असतें तें केवळ पुढें जाणें.

या खेळाची वंशावळ आम्हीं पुढें एकदां तपासली, कारण अध्यापकाला शिव्या द्यावयाच्या झाल्या तरी त्या संदर्भासह द्याव्या लागतात. तपासतां तपासतां आमची पंचाईत झाली. १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रुबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघां विद्यार्थ्यांनीं, अनेक माणसांनीं एकदम वावरावें असें एक जग संगणकांत रचलें. त्यांत चित्र एकहि नव्हतें, सर्व कारभार शब्दांचा होता. त्याच्या चार वर्षें आधीं, १९७४ सालीं, अमेरिकेंत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोंवतीं बसून, फांसे टाकून खेळावयाचा कथाखेळ निघाला होता. आणि या सर्वांच्या पाठीमागें, मूळपुरुषाच्या जागीं, उभे होते ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन, ज्यांनीं आपल्या बुटक्यांचीं नांवें जुन्या नॉर्स काव्यांतून उचललीं होतीं. म्हणजे ज्या झाडाला आम्ही व्यासपीठावरून विषवृक्ष म्हणत होतों, त्याचें बीं आमच्याच व्यवसायांतील एका माणसाच्या अभ्यासिकेंत रुजलेलें निघालें!

असल्या अखंड चालणाऱ्या खेळाला एक रोग हटकून जडतो, तो माणसाच्या कंटाळ्याचा. जें होतें तें पाहून झालें, जे राक्षस होते ते मारून झाले, कीं लोक उठून जाऊं लागतात. म्हणून ही कंपनी साधारणतः दर दोन वर्षांनीं खेळांत नवी भर घालते. तिला आपण विस्तार म्हणूं. विस्तारांत नवा प्रदेश येतो, नवे शत्रु येतात, आणि खेळाडूनें चढावयाच्या पायऱ्या वाढतात. मूळ खेळांत साठ पायऱ्या होत्या. पहिल्या विस्तारानें त्या सत्तर केल्या, दुसऱ्यानें ऐंशीं. २००७ सालचा 'द बर्निंग क्रुसेड' हा पहिला विस्तार, आणि २०२४ सालचा 'द वॉर विदिन' हा दहावा. यांत आपणांस नवल वाटण्याचें कारण नाहीं. व्यासांचा 'जय' आठ हजार आठशें श्लोकांचा, त्याचें 'भारत' झालें चोवीस हजारांचें, आणि 'महाभारत' झालें लक्ष श्लोकांचें, असें परंपरा सांगते. ऐकणारा समोर बसला आहे तोंवर सांगणाऱ्यानें थांबावयाचें नाहीं, हा धर्म फार जुना आहे.

आमच्या घरांत हें प्रकरण २००९ सालीं शिरलें. चिरंजीव तेव्हां बारा वर्षांचे होते. महिना पंधरा डॉलर वर्गणी आमच्या बँकेच्या कार्डावरून जाई, आणि त्यामुळें दरमहा या विषयावर एक व्याख्यान देण्याचा हक्क आमच्याकडे आपोआप आला होता. खेळाचा सर्व्हर सातासमुद्रांपलीकडे असल्यानें पुण्यांत उगारलेली तलवार तेथें अंमळ उशिरां पडे. आपल्या प्रत्येक मरणाचें खापर चिरंजीव या उशिरावर फोडीत, आणि त्यांच्या प्रत्येक कमी गुणाचें खापर आम्ही खेळावर फोडीत असूं. अशा रीतीनें उभयपक्षीं हिशेब ठीक चालला होता.

तो बिघडविला आमच्या वडिलांनीं. घरांत सर्व त्यांना अण्णा म्हणत. एका शाळेंत चित्रकलेचे शिक्षक म्हणून त्यांचा जन्म गेला. बोलणें फारच थोडें. २०१० च्या मे महिन्यांत, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, ते दुपारचे नातवाच्या खुर्चीमागें जाऊन उभे राहूं लागले. आम्हांस वाटलें, पाळत ठेवीत आहेत. आम्ही मनांतून संतोषलों. एके दिवशीं ऐकूं आलें, "मावळतीचा पाण्यावरचा रंग पाहिलास? ज्यानें हा काढला, त्यानें आधीं तळ्यावर जाऊन तो पाहिलेला आहे." आठवडाभरांत नातवानें आजोबांसाठीं पांढऱ्या दाढीचा एक बुटका घडविला.

"आजोबा, याचं नाव काय ठेवायचं?"

"मुठा."

"नदीचं?"

"नदीचेंच. चांगलें नांव आहे."

बुटक्यांचा जन्म डन मोरोच्या बर्फाळ डोंगरांत होतो. तेथून नातवाच्या शूर सरदारानें मुठाला आपल्या पंखाखालीं घालून, लांडगीं-अस्वलें हांकीत, बोगद्यांतून पलीकडच्या प्रांतांत नेलें. त्या प्रांताचें नांव लॉक मोडान. मध्यें भलेंमोठें तळें, कांठाला थेल्सामार नांवाचें टुमदार गांव, आणि उत्तरेला सबंध तळें अडवून धरणारें बुटक्यांचें दगडी धरण. धरणाच्या माथ्यावर मुठाला उभें केल्याबरोबर अण्णांनीं पहिला प्रश्न विचारला, "हें पक्कें आहे ना?" नातू खोखो हंसला. आम्हीहि हंसलों.

लढण्याची अण्णांना हौस नव्हती. त्यांनीं गळ विकत घेतला आणि कांठावर बैठक मारली. कधीं मासा लागे, कधीं नुसता गाळसाळ हातीं येई. पाण्यांतून सहा पायांच्या सुसरी हिंडत, त्यांच्यापासून सरदारानें रक्षण करावयाचें. धरलेले मासे ते कधीं शिजवीत नसत; सर्व बाजारांत विकून टाकीत. "आपल्याला काय करायचे आहेत!" असें ते गंभीरपणें म्हणत. त्या उन्हाळ्यांत आणि पुढच्या पावसाळ्यांत आजोबा आणि नातू रोज तासभर त्या तळ्यावर असत. आम्ही त्या वेळीं उत्तरपत्रिका तपाशीत असूं, आणि दोघांवरहि सारखेच नाराज असूं.

कंपनीचा तिसरा विस्तार त्या सालच्या डिसेंबरच्या ७ तारखेस यावयाचा होता. त्याचें नांवच मुळीं 'कॅटॅक्लिझम', म्हणजे महाप्रलय. पहिल्या दोन विस्तारांनीं नवी भूमि जोडली होती, जुनीला हात लावला नव्हता. या वेळीं जुनीच भूमि नव्यानें घडवावयाची होती. भूगर्भांत दबा धरून बसलेला डेथविंग नांवाचा प्रचंड नाग-पक्षी बाहेर पडतो आणि पृथ्वी उलथीपालथी करतो, अशी कथेंत सोय केली होती. विस्ताराच्या पंधरा दिवस आधीं, २३ नोव्हेंबर २०१० रोजीं, तो बाहेर पडला. बॅरन्सचें विस्तीर्ण माळरान भेगाळून दुभंगलें. थाउझंड नीडल्सच्या कोरड्या दरींत समुद्र शिरला. ऑबरडीन हें बंदर उध्वस्त झालें. आणि लॉक मोडानचें धरण फुटून तळें रिकामें झालें.

दुसऱ्या दिवशीं शाळेंतून आल्यावर चिरंजीवांनीं संगणक लावला. मुठा जेथें बसवून ठेविला होता तेथेंच होता. समोर पाण्याऐवजीं चिखलाचा खड्डा होता. तेरा वर्षांचा मुलगा तोंड फिरवून रडूं लागला. त्या वेळीं आम्हीं जें केलें, तें सांगावयास आज लाज वाटते. आम्हीं तर्कशास्त्र सांगितलें. आम्ही म्हणालों, "अरे, जें धरण कधीं नव्हतेंच, तें फुटलें कसें? जें पाणी कधीं नव्हतेंच, तें गेलें कुठें?"

"तूं गप्प बस," अण्णा आम्हांस म्हणाले. चाळीस वर्षांच्या आमच्या आयुष्यांत इतक्या कडक स्वरांत ते आमच्याशीं बोललेले आम्हांस आठवत नव्हतें. आम्ही खोलीबाहेर गेलों. पण दाराशींच थबकलों.

मग अण्णांनीं नातवाला १२ जुलै १९६१ ची हकीकत सांगितली. त्या सकाळीं आंबी नदीवरचें, अद्यापि बांधून पुरें न झालेलें पानशेतचें मातीचें धरण फुटलें. त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें धरणहि फोडलें, आणि सर्व पाणी मुठेच्या पात्रांतून पुण्यावर आलें. हें आम्हांसहि ठाऊक होतें. पुण्यांत वाढलेल्या कोणास ठाऊक नाहीं? लकडी पूल बुडाला, नदीकांठच्या पेठा बुडाल्या, इतकें प्रत्येकजण सांगतो. आपलें नारायण पेठेंतलें घर त्यांत गेलें, हेंहि आम्ही जाणून होतों. पण तें एका वाक्यांत. घरीं या विषयावर दुसरें वाक्य आम्हीं कधीं ऐकलें नव्हतें.

अण्णा तेव्हां पंचवीस वर्षांचे होते. आईला आणि देवांच्या पेटीला घेऊन ते पर्वतीच्या पायथ्याशीं गेले. कलाशाळेंत चार वर्षें काढलेलीं चित्रें माळ्यावर होतीं. माळ्यापर्यंत पाणी येणार नाहीं, असें त्यांना वाटलें. दुसरे दिवशीं पाणी ओसरल्यावर ते परत आले. गल्ली कोणती तें ओळखूं येईना. चिखलांत पाय चांचपीत जातां जातां त्यांना ठेंच लागली. खालीं वांकून हातांनीं चिखल बाजूला केला, तों उंबरा. घर नव्हतें; घराचा सागवानी उंबरा तेवढा जागच्या जागीं होता. "त्याच्यावर उभा राहिलों बराच वेळ," अण्णा म्हणाले. "आंत जावें असें वाटलें, पण आंत कुठलें! मग दोन दिवसांनीं तो खणून काढला आणि हातगाडीवर घालून नेला."

"मग कुठे आहे तो?" नातवानें विचारलें.

"हा काय! तुझा बाबा ज्याच्यावर उभा आहे, तोच."

आम्ही खालीं पाहिलें. पूरग्रस्तांच्या वसाहतींत, सहकारनगरांत, अण्णांनीं पुढें जें लहानसें घर बांधलें, त्याच्या मधल्या दाराला तो उंबरा बसविलेला आहे. दोन्ही बाजूंच्या फरशीहून चांगला तीन बोटें उंच. आम्ही त्याच्यावर जन्मभर ठेंचाळलों होतों. तो काढून टाकावा असें आम्हींच अण्णांना दोनदां सुचविलें होतें, आणि दोन्ही वेळां ते "राहूं दे" एवढेंच म्हणाले होते. राहूं दे कां, हें विचारण्याची बुद्धि आम्हांस झाली नव्हती. जें मुलानें चाळीस वर्षांत विचारलें नाहीं, तें एका खोट्या तळ्यासाठीं रडणाऱ्या नातवानें विचारलें, आणि त्याला तें मिळालें.

"चल," अण्णा त्याला म्हणाले. "पाणी गेलें, कीं तळाची जमीन दिसते. ती एकदां नीट पाहून ठेवावी." आणि मुठा आणि सरदार असे दोघे चिखलांतून, जेथें पूर्वीं सुसरी पोहत, त्या वाटेनें, तळ्याच्या तळाशीं चालत गेले.

कंपनीच्या बाजूनें पाहिलें तर तिचें म्हणणें चुकीचें नव्हतें. २००४ सालीं रचलेला तो प्रदेश सहा वर्षांत शिळा झाला होता. नवा खेळाडू येई तेव्हां त्याला वाट सांपडत नसे. जुने खेळाडू नव्या खंडांत निघून गेल्यानें जुनीं गांवें ओस पडलीं होतीं. जुनी भूमि आकाशांतून पाहण्यासाठीं रचलेलीच नव्हती, म्हणून तेथें उडण्यास बंदी होती; ती या विस्तारानें उठली. जीर्ण देवळाचा उद्धार करावयाचा तर कांहीं जुने चिरे हलणारच. परंतु जीर्णोद्धार करणारा एक गोष्ट विसरतो, ती ही, कीं ज्याला तो जीर्ण म्हणतो, तें कोणाचें तरी बाळपण असतें. प्रलयाच्या आधीं, ऑक्टोबर २०१० मध्यें, या खेळाचे वर्गणीदार १ कोटि २० लाख झाले होते. इतके पुन्हा कधीं झाले नाहींत. २०१५ सालीं ते ५५ लाखांवर आले, आणि त्यानंतर कंपनीनें आंकडे सांगण्याचेंच सोडून दिलें. ओहोटीला कारणें अनेक असतील. सर्व दोष त्या नाग-पक्ष्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं.

तथापि जुनें जग परत द्या, असा धोशा कांहीं लोकांनीं सोडला नाहीं. २०१३ सालच्या मेळाव्यांत एकानें ही मागणी केली, तेव्हां कंपनीच्या अधिकाऱ्यानें उत्तर दिलें, कीं तें तुम्हांला हवें आहे असें तुम्हांला नुसतें वाटतें. वस्तुतः तें तुम्हांला नको आहे. हें उत्तर आम्ही फार वेळां वापरलेलें असल्यामुळें आम्हांस तें ताबडतोब ओळखूं आलें. वर्गांत, घरांत, सर्वत्र शहाणीं माणसें याच वाक्यानें दुसऱ्याचें दुःख निकालांत काढतात. पुढें, अनेक वर्षांच्या अर्ज-विनंत्यांनंतर, कंपनीनें २०१९ च्या ऑगस्टमध्यें 'क्लासिक' या नांवानें जुनें जग वेगळ्या सर्व्हरांवर खरोखरच पुन्हा उघडलें, आणि तेथें एवढी गर्दी लोटली, कीं लोकांना आंत शिरण्यासाठीं तासन्‌तास रांगेंत थांबावें लागलें.

त्यासाठीं तिनें २००६ सालची जतन करून ठेविलेली जुनी प्रत धुंडाळून काढली, आणि त्या प्रतीवरून जग पुन्हा उभें केलें. हें वाचतांना आम्हांस आमच्या भांडारकर प्राच्यविद्या मंदिराची आठवण झाली. १९१९ सालीं हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. सत्तेचाळीस वर्षें पंडितांनीं हस्तलिखितें पडताळून, मागाहून चिकटलेले विस्तार वेगळे करून तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेविले. टाकून दिले नाहींत, हें ध्यानांत ठेवावें, वेगळे ठेविले. ज्याला मूळ पाहिजे त्याला मूळ मिळावें, आणि ज्याचा जीव प्रक्षिप्तावर जडला असेल त्यालाहि तें शोधून सांपडावें.

हें शहाणपण आम्हांस आज सुचत आहे. २०१९ सालीं सुचलें नव्हतें. अण्णा जाऊन तेव्हां दोन वर्षें झालीं होतीं. चिरंजीव शिक्षणासाठीं जर्मनींत होते. ऑगस्टअखेरीस एका रात्रीं साडेबाराच्या सुमारास त्यांचा फोन आला.

"बाबा, तळं भरलंय."

आम्ही झोपेंत होतों. "कुठलें? कात्रजचें?" आम्हीं विचारलें.

पलीकडे क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग तो म्हणाला, "नाही, काही नाही. झोप तू." वाचकांनीं दचकूं नये, हल्लींच्या रीतीप्रमाणें आमचे चिरंजीव आम्हांस 'तूं' म्हणतात, आणि आम्हांस त्याचें वाईट वाटत नाहीं. वाईट वाटलें तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं, चहा घेतांना, तळें कोणतें तें ध्यानांत आल्यावर. फोन करावा असें मनांत आलें. पण काय बोलावयाचें तें सुचलें नाहीं, आणि तो राहून गेला.

२०२४ सालीं दोन गोष्टी घडल्या. क्लासिकच्या कांहीं सर्व्हरांवर जुन्या क्रमानें एकेक विस्तार येत येत २० मे रोजीं 'कॅटॅक्लिझम'चीहि पाळी आली, आणि लॉक मोडानचें धरण दुसऱ्यांदां फुटलें. दुसऱ्या कांहीं सर्व्हरांवर मात्र प्रलय येऊं द्यावयाचाच नाहीं, असें ठरवून तें अभंग ठेविलेलें आहे. आणि २६ ऑगस्टला मूळ खेळाचा दहावा विस्तार, 'द वॉर विदिन', प्रसिद्ध झाला. सप्टेंबरांत गणपतीला चिरंजीव रजा घेऊन घरीं आले. विसर्जनाच्या आदल्या रात्रीं ते संगणक लावून बसले असतां आम्ही पाण्याचा तांब्या घेऊन खोलींत गेलों, आणि अण्णा उभे राहत तेथें जाऊन उभे राहिलों.

पडद्यावर एक शेकोटी पेटली होती आणि तिच्याभोंवतीं चौघेजण होते.

"हें काय?" आम्हीं विचारलें.

"या नव्या विस्तारात आपली सगळी पात्रं एकत्र धरतात, बाबा. आधी प्रत्येकाची कमाई वेगळी असायची, ओळखीपाळखी वेगळ्या. आता एकाने मिळवलेलं सगळ्यांच्या उपयोगी पडतं. कुटुंबासारखं."

एकत्र कुटुंबाची पद्धति आपल्याकडे मोडीत निघाल्यावर अमेरिकेंत ती अशा रीतीनें सुरू झालेली पाहून, आम्ही त्यावर कांहीं विनोद करणार होतों. पण चौघांपैकीं तिघे चांगले धिप्पाड, चिलखतें घातलेले होते, आणि चौथा बुटका, पांढऱ्या दाढीचा, साध्या कपड्यांतला. आमच्या हातांतला तांब्या हातांतच राहिला.

"मुठा?"

"हो."

"अजून आहे?"

मग तो हळूहळू सांगूं लागला. फार वर्षें न फिरकलेल्या खेळाडूच्या पात्राचें नांव कंपनी कधींकधीं मोकळें करते, आणि तें दुसऱ्या कोणालाहि घेतां येतें. दुसरा कोणी मुठा व्हावा, हें त्याला सहन होईना. म्हणून २०१२, २०१४, २०१६, २०१८, २०२०, २०२२, असा प्रत्येक विस्तार आला, कीं तो एक दिवस आजोबांच्या पात्राला जागें करी, चार पावलें चालवी, आणि पुन्हा तळ्याकांठीं बसवून ठेवी. मध्यें परीक्षांमुळें, नोकरीमुळें त्याचें खेळणें जवळजवळ सुटलें होतें. तरी तेवढ्या एका दिवसासाठीं महिन्याची वर्गणी भरी. २०२० सालीं कंपनीनें सर्वांच्या पायऱ्या आंखडून १२० च्या ५० केल्या, त्यांत मुठाच्याहि कमी झाल्या. "आजोबा लहान झाले," असें म्हणून तो किंचित् हंसला.

हें सर्व त्यानें आम्हांस कधीं सांगितलें नव्हतें. आणि कां सांगावें? ज्या माणसानें, जें पाणी नव्हतेंच तें गेलें कुठें, असें विचारलें होतें, त्याला हें काय म्हणून सांगावें?

"मला शिकवशील?" आम्हीं विचारलें.

मुठाला हलविण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. तो शेकोटीपाशीं आहे तेथें बरा आहे. चिरंजीवांनीं आमच्यासाठीं, जेथें धरण फुटावयाचें नाहीं अशा जुन्या सर्व्हरवर, एक नवा बुटका घडविला. नांव त्यांनींच ठेविलें, 'आंबी'. दाढीवाल्या पुरुषाला हें नांव कसेंसेंच दिसतें, अशी हरकत आम्हीं घेतली. "बाबा, आंबी मुठेला मिळते," ते म्हणाले. आम्ही हरकत मागें घेतली. आतां ते परत गेलेले आहेत. शनिवारीं रात्रीं ते तिकडून येतात, आम्ही इकडून जातों, आणि तळ्याच्या कांठीं तासभर बसतों. आमच्याकडे निजण्याची वेळ झालेली असते, त्यांच्याकडे नुकती संध्याकाळ. बोलणें फारसें होत नाहीं. पण फोनवर जें आम्हांस कधीं सुचलें नाहीं, तें गळाकडे पाहतां पाहतां सुचतें. परवां त्यांनीं अण्णांच्या बाळपणाविषयीं कांहीं विचारलें, आणि त्याचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं; देऊं शकणारा आतां कोणी नाहीं.

राहतां राहिली एक गोष्ट. आमच्या वसाहतीचीं घरें साठ वर्षांचीं झालीं. भिंतींना ओल आली आहे, जिने खचले आहेत, आणि तीं पाडून तेथें उंच इमारत उभारावी असा सोसायटीचा ठराव झाला आहे. त्याच्या विरुद्ध आम्ही वर्षभर पत्रें लिहीत होतों. इंग्रजी चांगलें असल्याचा तेवढाच उपयोग. गेल्या महिन्यांत आम्हीं संमतिपत्रावर सही केली. खालीं स्वहस्तें एक अट लिहिली: मधल्या दाराचा सागवानी उंबरा जपून काढावा, आणि चौथ्या मजल्यावरील आमच्या नव्या जागेच्या दाराला तोच बसवावा.

बांधकामवाल्यांचा तरुण इंजिनियर तें वाचून घरीं आला. मनुष्य सभ्य होता. त्यानें उंबरा पाहिला, टेप लावून मोजला, आणि आम्हांस समजावून सांगितलें, कीं हल्लीं सर्व फरशी एका पातळीची असते, तीन बोटांचा उंबरा कोणी ठेवीत नाहीं.

"सर, येतांजातां ठेंच लागेल," तो म्हणाला.

"लागूं द्या," आम्ही म्हणालों.